कच्चा कोअर

राजारामपुरीत, नवव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मी माणसं कापते.
माणसं म्हणजे तांदळाएवढे तुकडे, मेणात बसवलेले.
पात्याखालून रिबीन निघते,
कोमट पाण्यावर सायीसारखी पसरते,
तिचा एक पापुद्रा काचेवर उचलायचा,
जांभळ्यात बुडवायचा, मग गुलाबीत.
बावीस वर्षं झाली. मी नाव वाचत नाही, नंबर वाचते.

आज नावही वाचलं गेलं :
जिनगोंडा मगदूम, वय चौतीस, उद्यमनगर.

भिंगाखाली नळ्या. गोल, शेजारी शेजारी.
प्रत्येक नळीच्या कडेनं आधारपेशी उभ्या असतात.
त्यांचं बीज होत नाही कधी.
त्या धरतात. भरवतात. बाहेरचं बाहेर ठेवतात.
आईच्या पोटात, पाळण्यात
त्या नुसत्या वाढत असतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार.
अंगावर कान असतात त्यांच्या, रिसेप्टर म्हणायचं त्याला.
रक्तातून सांगावा येतो, इन्सुलिनच्या भावकीतला कुणीतरी,
कान ऐकतात, पेशी वाढतात.
आणि मग मिसरूड फुटायच्या आत दुसरा निरोप : पुरे.
आता खांद्याला खांदा लावा, फटी बुजवा, उभ्या राहा.
जेवढ्या झाल्या तेवढ्याच जन्मभर.

हे समजायला मला पुस्तक लागलं नाही.
आई गेली तेव्हा अकरा वर्षांची होते,
टेंबलाईच्या जत्रेतल्या बांगड्या ठरवून ठेवलेल्या.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाकरी माझ्या हातची.
पाठचे दोन भाऊ.
उंची तिथंच राहिली माझी.

जिनगोंडाच्या पेशींचं तसं झालं नव्हतं.
केंद्रकं लांबट, गर्द, दाटीवाटीनं,
तान्ह्या बाळाची असतात तशी.
नळीच्या मधोमध काही नाही.
सांगावा आलाच नाही,
की आला आणि ऐकायला कान नव्हते,
हे माझ्या दोन रंगांना कळत नाही.
डॉक्टर दोन ओळी लिहितात, सही करतात.

सोमवारी तो स्वतः आला, पावती घेऊन. कारखान्याला सुट्टी.
नखांत काळी वाळू, भुवया जरा करपलेल्या.
बायको, त्रिशला, खाली स्कूटरपाशीच थांबलेली.
"बघू द्या की बाई, माझंच हाय न्हवं?"
तसा नियम नाही.
डॉक्टर जेवायला गेले होते. मी स्टूल सरकवलं.

बराच वेळ बघितलं त्यानं, एक डोळा मिटून,
साच्यात डोकावल्यासारखं.
"भट्टीच्या धगीनं झालं का?"
म्हटलं, नाही. हे फार आधीचं. पाळण्यातलं.
त्याचे खांदे खाली आले,
सुटल्यासारखे की हरल्यासारखे, मला ओळखता आलं नाही.
मी बोट दाखवलं : ह्या धरणाऱ्या. ह्यांनी धरायचं होतं.

"म्हंजे कोअर भाजला न्हाई," तो म्हणाला.
"वाळूचा कोअर आम्ही ओव्हनात भाजतो, मग साच्यात बसवतो.
कच्चा बसवला की रस ओतल्यावर उकळी येतीया,
कास्टिंगला भोकं.
दिसायला दोन्ही सारखेच. हातात घेतल्याबिगर कळत न्हाई."
मग बराच वेळ काही नाही.
"ह्यात वाळूची काय चूक?"

मी नंबर पुन्हा तपासला. बरोबर होता.

उठताना परत एकदा वाकला,
आणि सवयीनं भिंगावर फुंकर मारली,
साच्यातली सुटी वाळू उडवतात तशी.
नळ्या धूसर झाल्या.
मी लेन्स पुसायचा कागद शोधत राहिले.
खाली स्कूटर दोनदा सुरू होऊन बंद पडली,
तिसऱ्या किकला लागली.